शेत गावात, मालक शहरात

(सप्टेंबर २०२४ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘कृषितज्ज्ञ’ असं छापलं आहे. ते आधी खोडून टाका. आमच्याकडे शेतीची पदविका आहे, पदवीसुद्धा नाही. राज्य शासनाच्या नोकरीत वीस वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक मोटारसायकलवर गेली. सांवेर, देपालपूर, हातोद, महू या बाजूच्या गावांत फिरायचं, बैठका घ्यायच्या, अर्ज भरून घ्यायचे, हे आमचं काम. त्यामुळे आज सांगणार आहोत ते पुस्तकी कमी आणि धुळीतलं जास्त.

अध्यक्षांनी विषय दिला, ‘शेतकऱ्यांसाठी शिक्षणाच्या व मदतीच्या संधी’. आम्ही विचारलं, आपल्या मंडळात शेतकरी किती? ते हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या नावावर, वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर आजही कुठेतरी पाच-दहा बीघे आहेत? हात वर करू नका, पटवारी नाही आम्ही. होळकरांच्या काळात आपले पूर्वज इथे आले, कुणाला इनाम मिळालं, कुणी पुढे नोकरीच्या पैशातून जमीन घेतली. आता आपण शहरात राहतो आणि जमीन बटाईने दिलेली असते. वर्षातून दोनदा हिशोब होतो, एखादं पोतं गहू घरी येतं, आणि आपण अभिमानाने सांगतो की हा आमच्या शेतातला. दुसऱ्या बाजूला आपल्याच काकू-वहिनी पापड, कुरडया, चकल्या, लाडू करून विकतात. सरकारच्या भाषेत त्या ‘सूक्ष्म खाद्य उद्योजक’ आहेत. म्हणजे या सभागृहात शेतमालक आहेत, खाद्य उत्पादक आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

आधी आपल्या शहराची एक गोष्ट. ‘इंदूर पद्धत’ हा शब्द जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इथे वनस्पती संशोधनाची एक संस्था उभी राहिली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, तीनदा खालीवर करायचं आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. त्यांनी १९३१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या नावासोबत दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्डना सगळे ओळखतात, वाडांना आपणही विसरलो. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था मुद्दाम पाहिली. पुढे त्याच आवारात कृषी महाविद्यालय आलं. हे सांगायचं कारण असं, की शेतकऱ्याने शिकावं अशी जागा इंदुरात शंभर वर्षांपासून आहे. खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९८७ पासून. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गव्हाचं केंद्र आहे. कस्तुरबाग्रामला कृषी विज्ञान केंद्र आहे. चांगले शास्त्रज्ञ आहेत, फोन उचलतात, बोलतात. तरी दहा-वीस मैलांवरच्या गावातला शेतकरी बियाण्याचा सल्ला औषधाच्या दुकानदाराला विचारतो.

का विचारतो? कारण दुकान सकाळी सातला उघडतं, उधार देतं आणि दुकानदार त्याच्या मुलाच्या लग्नाला येतो. आम्ही कधी येतो? खरं सांगायचं तर मार्चमध्ये. प्रशिक्षणाचा निधी वर्षअखेर संपवायचा असतो आणि मार्चमध्ये शेतकरी गव्हाच्या कापणीत असतो. मग प्रशिक्षणाला येतात ते गावातले रिकामे लोक. चहा, पोहे, शेव, जिलबी होते, फोटो निघतो. आम्हीही असे फोटो काढले आहेत. त्यात आमच्या चेहऱ्यावरही हसू आहे.

याउलट काय उपयोगी पडलं ते सांगतो. मे महिन्यात, लग्नसराई सरता सरता, ओट्यावर बसून घेतलेली एक तासाची बैठक. विषय एकच, घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, शंभर दाणे न निवडता मोजून दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं. चार-पाच दिवसांनी उघडायचं. सत्तर किंवा जास्त दाण्यांना चांगला कोंब असेल तर बी पेरायला योग्य. साठच असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, चाळीस असतील तर ते मंडीत विकून टाकायचं. याला पैसा लागत नाही, अर्ज लागत नाही. तरी किती घरं पेरून झाल्यावर कपाळाला हात लावतात! सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक. थ्रेशर जोरात फिरवला, पोती वरून फेकली, थप्पी उंच रचली, की बाहेरून दाणा तुकतुकीत आणि आतून मेलेला. म्हणून बियाण्यासाठी मळणी करताना मशीनचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या आत ठेवा म्हणतात. आणि पेरणीची घाई नको. पहिल्या सरीला सगळं गाव तिफण जोडतं, पण सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असा सोयाबीन संस्थेचा सल्ला असतो. ही संस्था हंगामात दर आठवड्याला सल्ला काढते. तो मोबाइलवर येतो, पण वाचून दाखवणारं कुणीतरी लागतं. त्या मे महिन्याच्या बैठकीला बायकाही आल्या होत्या, आणि गोणपाट ओलं ठेवण्याचं काम शेवटपर्यंत केलं ते त्यांनीच.

आता पैशाच्या मदतीकडे येऊ. योजनांची यादी वाचून दाखवली तर आरतीला उशीर होईल आणि गणपतीबाप्पाही उठून जातील. म्हणून आपल्या कामाच्या तेवढ्याच.

काकू-वहिनींसाठी पहिली गोष्ट. २०२० पासून केंद्राची सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी योजना आहे, तिचं नाव लांबलचक आहे, सगळे ‘पीएमएफएमई’ म्हणतात. यंत्र, शेड, पॅकिंग यांच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त दहा लाख रुपये. निदान दहा टक्के स्वतःचे घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. बचत गटात काम करणाऱ्या बाईला खेळत्या भांडवलासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम गटामार्फत मिळू शकते. प्रत्येक जिल्ह्याचं एक उत्पादन ठरवलेलं आहे, इंदूरचं बटाटा. महूकडचा बटाटा चिप्सच्या कारखान्यांना जातो हे आपल्याला माहीत आहे, पण उपासाचा कीस, पापड, वेफर्स हेही त्यातच येतात. आणि तुमचं उत्पादन बटाट्याचं नसेल तरी चालू उद्योग वाढवायला अर्ज करता येतो, ही गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही.

आपल्या मंडळातल्याच एक काकू आहेत. नाव सांगत नाही, पण त्यांच्या कुरडया इथल्या निम्म्या घरांत आहेत. त्यांना पापड लाटायचं यंत्र घ्यायचं होतं. एका बँकेने त्यांचा अर्ज दोनदा परत केला. पहिल्यांदा यंत्राच्या कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक नव्हता, दुसऱ्यांदा जागेचा भाडेकरार नव्हता. दोन्ही वेळा एका ओळीचा शेरा, ‘कागदपत्रे अपूर्ण’. कुठली अपूर्ण, ते लिहिलेलं नाही. काकू आम्हाला म्हणाल्या, “अरे, चाळीस वर्षं पापड लाटले, कुणी कागद मागितला नाही. आता मशीन लाटणार तर कागद?” त्या सोडूनच देणार होत्या. या योजनेत जिल्ह्याला नेमलेली साधन व्यक्ती असते, प्रकल्प अहवाल बनवून देते, बँकेत सोबत येते, आणि तिचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने द्यायचं नसतं. तिला गाठल्यावर तिसऱ्या खेपेस काम झालं. मधल्या काळात काकूंचा एक दिवाळीचा हंगाम गेला तो गेलाच. म्हणून सांगतो, अर्ज करायचा तर दिवाळीच्या तोंडावर नको, आखातीजच्या सुमारास करा.

आणि एक. घरून खाद्यपदार्थ विकत असाल, वर्षाची उलाढाल बारा लाखांपर्यंत असेल, तर अन्न सुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते. एजंट दोन हजार मागतात. शंभर रुपये लक्षात ठेवा. पाकिटावर तो चौदा आकडी क्रमांक, बनवल्याची तारीख, वजन आणि घटक लिहा. ‘घरगुती, चविष्ट, ताजे’ एवढंच लिहिलेलं पाकीट मोठा दुकानदार ठेवत नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल थोडक्यात. दहा हजार कंपन्या उभ्या करण्याची योजना २०२० मध्ये आली, सपाट प्रदेशात निदान तीनशे सभासद लागतात. काही चांगल्या चालतात, बियाणं तयार करतात, मिळून विकतात. काहींचा फलक तेवढा रंगवलेला आहे. सभासद होण्याआधी मागच्या वर्षीची सभा झाली का आणि हिशोब वाचून दाखवला का, एवढं विचारा. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण द्यायला तयार झालो तिच्याकडे येतो. ती सांगायला संकोच वाटतो, कारण ती आमच्याच घरची आहे.

हातोद बाजूला आमच्या घराण्याची अकरा बीघे जमीन आहे. नावावर काकांच्या. काका मुलाकडे पुण्याला राहतात. जमीन कसतो तो बटाईदार आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याचा बाप कसत होता, आता तो कसतो. निम्मी वाटणी, तोंडी ठरलेलं. कागद कधी केला नाही, कारण विश्वास होता. शिवाय, खोटं कशाला बोला, मनात एक भीतीही होती. कागद केला तर उद्या कूळ लागेल, जमीन जाईल, अशी आजोबांच्या वेळेपासूनची भीती.

काकांच्या नावावर किसान क्रेडिट कार्ड. पीककर्ज त्यावर, आणि पीकविम्याचा हप्ता त्यातूनच कापला जातो, खरीप पिकाला विमा रकमेच्या दोन टक्के. म्हणजे विमा काकांच्या नावावर, पिकात निम्मा घाम आणि निम्मा पैसा बटाईदाराचा.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून शेतात वाळत पसरलं होतं. रात्रीतून पाऊस आला आणि दोन दिवस हटला नाही. शेंगा काळ्या पडल्या, दाण्याला मोड आले. बटाईदाराने आम्हाला फोन केला. आम्ही त्या आठवड्यात दुसऱ्याच सरकारी कामावर होतो, फोन पिशवीत. संध्याकाळी बघितला, म्हटलं उद्या करू. पाचव्या दिवशी तो स्वतः घरी आला, कोपऱ्यात चपला काढून उभा राहिला. हातात मूठभर काळं सोयाबीन.

पीकविम्यात नियम असा आहे, की कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकाचं चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने नुकसान झालं तर त्या एकट्या शेताची पाहणी होऊन भरपाई मिळू शकते. मात्र बहात्तर तासांच्या आत कळवायचं. आम्ही हा नियम गावोगावच्या बैठकांत सांगत होतो, फलकावर लिहून ठेवला होता. आमच्या स्वतःच्या बटाईदाराला सांगितला नव्हता. त्याला विमा आहे हेच माहीत नव्हतं. काकांना पाऊस पडल्याचं माहीत नव्हतं. आणि आम्हाला दोन्ही माहीत असून आम्ही फोन उचलला नाही.

दावा बसला नाही. बसला असता तरी पैसे काकांच्या खात्यात आले असते, आणि त्यातले किती त्याला द्यायचे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने आम्हाला एक शब्दही वाईट बोलला नाही. एवढंच विचारलं, की बैठकीला सगळ्या गावाला बोलावता, आम्हाला का नाही? आम्ही काय सांगणार! बैठकीची यादी आम्ही पावती-पुस्तिकेवरून करत होतो. ज्याच्या नावावर जमीन त्याला निरोप. तो बिचारा कुठल्याच यादीत नव्हता.

त्या वर्षी आम्ही आमची वाटणी घेतली नाही. घरात यावरून बोलणी झाली, काकांनाही आधी पटलं नाही. पण त्याने बियाण्यासाठी सावकाराकडून घेतलेलं कर्ज आमच्या माफीने फिटलं नाही. त्याच्या थोरल्या मुलाने त्या वर्षी आयटीआय सोडलं आणि पीथमपूरला ठेकेदाराकडे कामाला लागला. तो परत शिकायला गेला नाही. सणाला भेटतो, पाया पडतो, आणि आम्हाला खाली बघावं लागतं.

आता कागदाची गोष्ट. मध्य प्रदेशात २०१६ पासून भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्याही हिताचं संरक्षण करणारा कायदा आहे. आमच्यासारख्या रोज तहसीलीत जाणाऱ्यांनीसुद्धा तो नीट वाचला नव्हता. लेखी करार करायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा. तीन प्रती, एक मालकाकडे, एक बटाईदाराकडे, एक तहसीलदाराकडे. मुदत संपली की जमिनीचा ताबा मालकाकडे. मालकी हक्काला धक्का नाही. ज्या भीतीने आपण कागद टाळतो ती भीती घालवण्यासाठीच हा कायदा आहे. आणि नैसर्गिक आपत्तीची मदत किंवा विम्याची रक्कम आली तर कराराप्रमाणे बटाईदाराचा वाटा त्याला मिळतो. पीकविमा योजनेत बटाईदारही बसतो, पण कागद असेल तर. तोंडी विश्वासाला विमा कंपनीत रकाना नाही.

आम्ही पुढच्या आखातीजला करार केला. काका पुण्याहून आले, सही करताना हात थरथरला, वयाने असेल. बटाईदाराने अंगठा न लावता सही केली, ती मुलाने शिकवलेली. आता खर्च कुणाचा किती, विम्याची रक्कम आली तर किती, पाऊस झाला तर कोण कुणाला आणि किती वेळात कळवणार, हे सगळं त्यात आहे. पीक नुकसानीसाठी १४४४७ हा क्रमांक त्याने दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवला आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ सुद्धा, सकाळी सहा ते रात्री दहा लागतो. गेल्या वर्षी त्याने तिथे पिवळ्या मोझॅकबद्दल विचारलं आणि नंतर आम्हाला सांगितलं की तुमच्यापेक्षा ते लवकर उचलतात.

किसान सन्मान निधीबद्दल दोन वाक्यं, कारण कार्यक्रम संपल्यावर निम्मे लोक तेच विचारणार. वर्षाला सहा हजार, जमीन ज्याच्या नावावर त्यालाच. सरकारी नोकर, आयकर भरणारे आणि महिना दहा हजार किंवा त्यापेक्षा जास्त पेन्शन घेणारे यांना तो मिळत नाही, यात शिपाईवर्गाला सूट आहे. या सभागृहातल्या ज्या ज्येष्ठांच्या खात्यात चुकून येत असेल त्यांनी परत करावा. आम्ही नावं घेत नाही, काळजी नसावी.

यंदाचं सोयाबीन अजून शेतात उभं आहे. हमीभाव ४८९२ रुपये आणि मंडीतला भाव त्याच्या बराच खाली, हे तुम्ही पेपरात वाचताच आहात. सरकारी खरेदीला मंजुरी मिळाल्याची बातमी याच आठवड्यात आली. खरेदीसाठी नोंदणी लागेल, आणि जमीन ज्याच्या नावावर त्याचे कागद मागतील. मालक शहरात, कागद मालकाच्या कपाटात, आणि पीक काढणारा गावात. मागच्या वेळी गव्हाच्या नोंदणीला आमच्या ओळखीचे तिघे बटाईदार केवळ मालकाचा ओटीपी वेळेवर न मिळाल्याने रांगेतून परत गेले. त्यांनी गहू व्यापाऱ्याला दिला. मालकांपैकी एक जण तेव्हा लग्नाला नागपूरला होते, फोन बंद होता.

तर आज रात्री घरी गेल्यावर आपापल्या बटाईदाराला एक फोन करा. सोयाबीन कसं आहे विचारा, यंदाचा विमा उतरला आहे का ते बँकेच्या पासबुकात बघून त्याला सांगा. खसरा आणि बी-१ ची प्रत त्याला पाठवून द्या. बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी आम्ही कराराचा नमुना ठेवला आहे, चाळीस प्रती काढल्या आहेत. कमी पडल्या तर उद्या आणखी आणू. अन्न नोंदणीचा अर्ज भरायला ज्या काकूंना मदत हवी त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात आधार कार्ड आणि एक फोटो घेऊन यावं, आम्ही दहा वाजल्यापासून बसलेलो असू. फोन चालू ठेवला आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. आरतीची ताटं तयार आहेत.